त्रेचाळिसावा आठवडा: उत्तनचं बोंबलाचं कालवण

आणि हे नियम केले कोणी? दुसऱ्याच्या घरी जाऊन मसाला मागितलाय का कधी त्यांनी? वर्षभर, दर आठवड्याला एक नवा पदार्थ, मापासकट पूर्ण यादी ब्लॉगवर. एक आठवडा बाद, की मोजणी पुन्हा एकपासून. बेचाळीस आठवडे मी पाळलं. आता हा उपक्रम चालवणाऱ्या आमच्या गटाच्या ताई लिहितात, "मसाल्याची यादी नाही, आठवडा धरता येणार नाही." मग ऐका कुठे गेले होते ते.

शांती नगरात आमच्या दारावर अठरा वर्षं फिलोमिना मासे आणते. म्हणाली, उत्तनला माझ्या घरी ये, बोंबलाचं कालवण दाखवते. बुधवारी निघाले. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस मिळते. तिकीट वडापावाइतकं, पण ती वेळेवर येईल असं धरू नका. मिठागरं मागे पडली की वारा बदलतो, पुढे बांबूंवर बोंबील वाळत असतात. नाक दाबणाऱ्यांनी जाऊ नये.

मी वाट्या-चमचे पिशवीत नेलेले. तिने मुठीने मसाला घेतला तसा मी तिचा हातच धरला.

"थांब, मोजू दे."

"मोज. दारावर घासाघीस करून दमली न्हाय अजून."

दीड चमचा भरला. म्हटलं, आता यात काय काय आहे ते सांग.

"ते न्हाय सांगनार. मसाला माजा एकटीचा न्हाय. आमी तिगी जावा उन्हाल्यात एकत्र कुटतो, बाटल्या वाटून घेतो. तिगी हो बोलल्या तर सांगन. मधली कुवेतला हाय, उन्हाल्यातच येते, धाकटी माज्याशी बोलत न्हाय."

"बोलत नाही, मग एकत्र कुटता कशा?"

"कुटताना बोलतो."

ओले बोंबील, चिंच, आणि तो मसाला. आधी वास येतो, तिखट मागून लागतं. मी दोनदा भात घेतला. निघताना तिने अर्धी बाटली मसाला दिला.

घरी नवरा म्हणाला, "धणे, मिरची, हळद लिहून टाक. कोण बघायला जातंय उत्तनला?" टाकता आलं असतं. पण तिच्या हातचं जेवून तिच्या नावावर खोटं लिहू?

ताई, या वर्षाने काय दिलं असं तुम्ही सगळ्यांना विचारलंत. निम्मे पदार्थ आमच्या घरात कुणी दुसऱ्यांदा मागितले नाहीत. पण विचारायची लाज गेली. जिच्याशी अठरा वर्षं फक्त माशांच्या भावावरून भांडले, तिच्या ओट्याशी जाऊन उभी राहिले.

सोमवारी मी पुढचा पदार्थ करायला घेते. तो चव्वेचाळिसावा की पहिला, ते रविवारपर्यंत कळवा.