ल्यूसीचा डावा गाल

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीचे, रियाचे, चिखलाने भरलेले गमबूट दारात उपडे करत होते. ऑकलंडमध्ये दुपारचे चार, साताऱ्यात सकाळ. दिरांचा आवाज अगदी सपाट होता. "वहिनी, नाना गेले. चहा घेतला, पेपर मागितला... मी पेपर घेऊन येईपर्यंत..." आता जे लिहिणार आहे त्याची मला लाज वाटते, पण सहा आठवडे मनात घेऊन बसले आहे, म्हणून लिहूनच टाकते. सासरे गेल्याचं कळलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांचा नव्हता. तो चार घरं सोडून राहणाऱ्या जोनच्या भिंतीवरच्या एका चित्राचा होता. त्या चित्रातल्या मुलीच्या डाव्या गालाची लाली नानांच्या हातून पुसली गेली होती. हे मला ठाऊक होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. ती लाली परत आणू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता, आणि आता तोच उरला नव्हता.

मी मुळातच काळजीखोर. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन तेच पुढे चालू ठेवायचं. गॅस बंद केला का, हे बघायला मोटरवेवरून गाडी परत वळवलेली आहे मी. नाना नेमके उलटे. एका जुन्या संस्थानाच्या वस्तुसंग्रहालयात त्यांनी सगळी नोकरी तैलचित्रं साफ करण्यात काढली. राजेसाहेब, राणीसाहेब, गोरे साहेब, त्यांचे शिकारी कुत्रे... "सगळ्यांची तोंडं धुतलीत मी," असं म्हणायचे. आणि धुवायचे कशाने? थुंकीने! काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि चित्रावर हलक्या हाताने गोल गोल. धूळ, धूर, माश्यांची घाण, सगळं निघतं. थुंकीसारखं सौम्य औषध नाही, स्पिरिटला हात लावायचा तो अगदी शेवटी, वरचं पिवळं पडलेलं रोगण काढायला, असा त्यांचा नियम होता. लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी नवऱ्याला, समीरला, विचारलं होतं, "म्हणजे महाराजसुद्धा उष्टे?" नानांनी दाराआडून ऐकलं आणि पुढे कित्येक वर्षं मला त्यावरून चिडवलं.

सासूबाई गेल्या आणि आम्ही नानांना ऑकलंडला, हिल्सबरो भागात आमच्याकडे आणलं. इथे येणाऱ्या आईवडिलांचे दिवस कसे जातात ते सगळ्यांनाच माहीत आहे. सकाळी घर रिकामं होतं, मग डेअरीपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालायचं, फोनकार्ड आणायचं, गावाकडे बोलून ते संपवायचं आणि नातवंडं शाळेतून यायची वाट बघायची. नानांचं तसं झालं नाही, कारण त्यांना जोन भेटली. ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. शरदात, म्हणजे इथे मार्च ते मेमध्ये, तिच्या झाडाचे पेरूसारखे फिजोआ इतके पडतात की ती पिशव्या भरभरून रस्त्यातल्या सगळ्यांना वाटते. नाना कुंपणाशी बसून तिच्या झाडाचं रेखाटन करत होते. तिने पिशवी दिली, कागदात डोकावून पाहिलं आणि त्यांना चहाला आत नेलं. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर ते चित्र होतं. नऊ वर्षांची मुलगी, करडा झगा, मांडीवर हात, चेहऱ्यावर 'झालं का तुमचं?' असा कंटाळा. सगळं काळपट तपकिरी झालेलं, तरी डावा गाल तेवढा लालबुंद.

ती ल्यूसी, जोनची पणजी. आणि चित्र काढणारे तिचे वडील एडमंड, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्लिश अर्लचे तिसरे चिरंजीव. उमरावाच्या मुलाने विरंगुळ्यापुरते रंग हाताळले तर कौतुक, पण त्याने चित्रकार व्हायचं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर. म्हणून त्यांनी आयुष्यभर लॉर्ड आणि लेडींची चित्रं काढली, पण कधी मोबदला घेतला नाही, कुठे सही केली नाही. घरात त्याला 'एडमंडचा आजार' म्हणत. मॉडेल आणायची सोय नव्हती, मग बायको आणि पाच मुलं समोर बसवायची. मुलं त्यांच्या पावलांचा आवाज आला की पलंगाखाली दडायची म्हणे! ल्यूसी सगळ्यांत धाकटी, ती सापडायची. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, म्हणून तिला शेकोटीजवळ बसवलं आणि हे गृहस्थ रंगवण्यात इतके बुडाले की तास उलटून गेला. पोरीचा शेकोटीकडचा गाल भाजल्यासारखा लाल झाला. ती रडत उठून गेली. एडमंडनी तो गाल होता तसाच रंगवला.

पुढे हीच ल्यूसी इस्टेटीवरच्या कारकुनाच्या मुलाशी लग्न करून न्यूझीलंडला निघून आली. वडिलांनी तोंड बघायचं सोडलं. अकरा वर्षं एक ओळ नाही. मग एक दिवस बोटीने लाकडी पेटी आली, त्यात हे चित्र, आणि सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. ल्यूसीने म्हणे पेटी उघडली, तो लाल गाल पाहिला आणि भुशातच बसून रडली. तेव्हापासून त्या घरात प्रत्येक मुलाला तो गाल दाखवून ही गोष्ट सांगायची रीत आहे. मला ती जोनने सांगितली, तिला तिच्या आजीने. नानांनी सगळं ऐकलं आणि घरी आल्यावर समीरकडे न बघता म्हणाले, "बाप होता. बोलता आलं नसेल." समीर इकडे यायला निघाला तेव्हा नाना विमानतळावर आले नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तर नानांनी ते चित्र साफ करायचं ठरवलं. जोनच्या सनरूममध्ये टेबल मांडलं, काड्या, कापूस, थुंकी. पंधरा दिवसांत झगा उजळला, मागचा निळा पडदा वर आला, जोन टाळ्या वाजवायची. मग स्पिरिट आलं. आणि इथून माझी काळजी सुरू झाली, कारण घरी काही गोष्टी माझ्या नजरेत आल्या होत्या. नाना आपला पांढरा बनियन तीन तीनदा धुवायचे आणि म्हणायचे, "इथलं पाणी पिवळं आहे." दूध पिवळं. भिंती पिवळ्या. एका संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले, रिया बरोबर होती. नाना चेहऱ्यावर काडी फिरवत होते. "अजून पिवळंच दिसतंय, रोगण निघालेलं नाही." आठ वर्षांची माझी लेक टेबलावर वाकली. "नाना, इट्स नॉट यलो. इट्स हीप्स व्हाइट." म्हणजे अगदी पांढरंशुभ्र. नाना हसले, "तुला काय कळतंय गं चिमणे," आणि काडी पुन्हा बुडवली.

पिवळं रोगण केव्हाच निघालं होतं. पिवळी झाली होती ती नानांची नजर. मोतीबिंदू. मला त्या क्षणी कळलं. मी तोंड उघडायला हवं होतं. पण जोन समोर, जन्मभराचं कौशल्य पणाला लावून बसलेला म्हातारा समोर... त्यांना चारचौघांत कसं सांगायचं? घरी गेल्यावर सांगू, म्हटलं. घरी गेल्यावर जेवताना नको. जेवणानंतर ते झोपले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तोवर गाल गेला होता. एडमंडनी ती लाली सगळ्यात शेवटी, पातळ रोगणातच कालवून दिली असणार. स्पिरिटबरोबर ती पिवळेपणासकट उतरली. ल्यूसीचे दोन्ही गाल आता सारखे फिके. जोन म्हणाली, "लव्हली, नाना! सो ब्राइट!" मी काही बोलायला तोंड उघडलं की ती म्हणे, "नो वरीज, डिअर." मला! टेस्टर म्हणून सगळ्यात मोठी चूक मी पकडली होती आणि मूग गिळून बसले होते.

नाना साताऱ्याला परतले. तिकडे दिरांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि दिवाळीच्या आधी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर त्यांचा फोन आला. "मृणाल, अगं आकाश इतकं निळं असतं? मी विसरूनच गेलो होतो!" मग नुसती खरखर... "जोनबाईंचं चित्र कसं दिसतंय?" मी म्हटलं, "छान दिसतंय नाना." ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'ने पुढचे तीन महिने माझा जीव टांगणीला लावला.

फेब्रुवारीत ते पुन्हा आले. मी त्यांना जोनपासून दूर ठेवायचा चंगच बांधला. अल्बनीचे मॉल दाखवले, पामर्स्टन नॉर्थला समीरच्या मित्राकडे नेलं, समुद्र दाखवला. चौथ्या दिवशी ऑफिसातून येते तर नाना घरात नाहीत. जोनकडे गेले होते. परत आले तेव्हा चेहरा नेहमीसारखा. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर रोज सकाळी ते तिच्याकडे तासभर जायचे. चहा पितात, असं मी मनाला समजावलं. मी स्वतः जोनच्या घरात पाऊल टाकणं सोडलं होतं. रस्त्यात भेटली तर कामाची घाई आहे म्हणून निसटायची. खाई त्याला खवखवे! एप्रिलअखेर नाना साताऱ्याला परत निघाले. विमानतळावर म्हणाले, "पुढच्या शरदात येतो. एक काम राहिलंय." मी कसलं काम म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

समीर रात्रीच्या विमानाने निघाला. रिया तापाने फणफणली होती, म्हणून मी मागे राहिले. तिसऱ्या दिवशी धीर करून जोनकडे गेले. बातमी सांगायची आणि त्याबरोबर दुसरंही सांगून टाकायचं, असं रस्ताभर घोकत होते. तिने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मला धरून आत नेलं. मी बसले, मान वर केली... आणि ल्यूसीचा डावा गाल लाल होता. लालबुंद. शेकोटीची धग अजून लागते आहे असा. मला रडू फुटलं, नानांसाठी पहिल्यांदाच.

जोनने चहा केला आणि सावकाश सगळं सांगितलं. फेब्रुवारीत नाना आले, टोपी हातात घेऊन चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आय हॅव रब्ड आउट युअर ल्यूसीज चीक. माय आइज वेअर बॅड." जोन म्हणाली, मला पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं. पण पंधरा दिवस त्या माणसाला काम करताना पाहिलं होतं, माझ्याने बोलवेना. "आणि तुलाही माहीत होतं, डिअर. माझ्या पत्रपेटीपाशी आलीस की तुझेच गाल लाल व्हायचे." मग नानांनी रियाच्या जलरंगांच्या पेटीतून रंग आणले आणि तीन आठवडे रोज थोडा थोडा तो गाल परत रंगवला. जोन शेजारी बसून सांगायची, आणखी लाल, कानाकडे जरा जास्त. जलरंग का, तर चुकला तर ओल्या बोळ्याने पुसता यावा. नाना तिला म्हणाले होते, "दुसऱ्याच्या चित्रावर मला कायमचा हात मारायचा अधिकार नाही. वर्षभर बघा. बरोबर वाटला तर पुढच्या शरदात येऊन वरून रोगण देतो, म्हणजे टिकेल."

मी गार पडले. म्हणजे वरून काहीच नाही? नुसता पाण्याचा रंग? ऑकलंडच्या घरात, जिथे हिवाळ्यात खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते? जोनने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र तिथे घुं घुं करत होतं. नानांनी आणायला लावलं होतं. "आणि तुला सांगायचं नाही असं बजावलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, मृणालला कळलं तर ती ओलीच्या काळजीने झोपायची नाही."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाला नाना ओळखून होते. मी त्यांची चूक त्यांच्यापासून लपवत होते आणि ते तिची भरपाई माझ्यापासून. मी जोनला म्हटलं, इथल्या एखाद्या जाणकाराकडून रोगण देऊन घेऊ या, उद्याच. तिने मान हलवली. "त्यांनी मला वर्षभर बघायला सांगितलंय. वर्ष अजून झालेलं नाही."

यंत्राखालची पाण्याची बादली भरली की जड होते, जोनला उचलवत नाही. म्हणून आता रोज ऑफिसातून येताना मी तिच्याकडे थांबते. बादली बाहेर काढते, फिजोआच्या झाडाला ओतते, परत बसवते, बटण दाबते. यंत्र चालू झाल्याची खात्री करते, दारापर्यंत येऊन पुन्हा एकदा करते. मग दिवा लावून ल्यूसीपुढे उभी राहते, श्वास जरा रोखूनच, माझ्या श्वासातही ओल असते म्हणून. काल खूप पाऊस होता. बादली काठोकाठ भरली होती. गाल लाल होता.