तारपा जाईल तिकडे

आमच्या पाड्यावरचे तारपावाले काका बोलण्याआधी गाल फुगवतात, सगळं एका दमात सांगून टाकतात आणि गप्प होतात. भोपळ्याचा तो फुंकून वाजवायचा तारपा ते लेकरासारखा सावलीसावलीनं नेतात, कारण सांध्यांचं मेण उन्हात वितळतं.

मागच्या हिवाळ्यात जव्हारहून मंत्री आले. डांबरी रस्ता संपतो तिथंच मंडप घातला होता. रस्ता गावात पोचला, असं भाषण झालं. मग आमचा नाच. काका पुढे फुंकत, आम्ही बाया कमरेला हात गुंफून मागे. तारप्याला पाठ दाखवायची नाही, ही आमची रीत. काका वाजवत मंडपाबाहेर निघाले, तशा आम्हीही निघालो, दगडधोंड्यांतून थेट बिनपुलाच्या ओढ्यापर्यंत. मंत्र्यांपुढे हात जोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना मंडपात बसवून चालू पडणारा हा एकच. मागून कॅमेरे आले, म्हणून पँट वर धरून मंत्रीही आले.

काका गुडघाभर पाण्यात वाजवत होते.

एक साहेब काठावरून ओरडला, "अहो, कार्यक्रम तिकडे आहे!"

काकांनी तारपा तोंडातून काढला. गाल फुगवले.

"गाव इकडं हाय."

आणि पुन्हा फुंकू लागले.