बद्रीनाथचा डूख

जाफराबादचा बद्रीनाथ तसा मऊ माणूस. पोळ्यासाठी घुंगरमाळा ओवायच्या, झुली शिवायच्या आणि ‘जाफराबादी साज’ नावाच्या वेबसाईटवर विकायच्या, एवढाच त्याचा पसारा. पण मऊ माणसानं डूख धरला की नागानं त्याच्याकडे शिकवणी लावावी.

पहिली चूक त्याचीच. सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं, म्हणून वेबसाईटच्या नावाचं, म्हणजे डोमेनचं सालही तो पाडव्यालाच भरायचा. त्या वर्षी अधिक महिन्यानं पाडवा लांबवला. इंग्रजी तारीख थोडीच थांबते? मुदत सरली. सरल्यावरही महिनाभर नाव राखून ठेवू, असं डोमेन विकणाऱ्या कंपनीनंच लिहून दिलेलं. तरी तिनं आठवड्यातच ते अंबडच्या एका प्लास्टिक घुंगरांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलं.

"नियम नावांच्या परिषदेत ठरतात," कंपनीचा साहेब फोनवर म्हणाला. "तिथं आम्ही असतो, सरकार असतं. तुमच्यासारख्या एकट्या नाववाल्याला खुर्ची नसते."

झालं. परिषदेची प्रत्येक ऑनलाईन सभा बद्रीनाथनं माळा ओवत ऐकली आणि प्रत्येक सभेत एकच प्रश्न लिहून टाकला: एकट्याची खुर्ची कुठंय? असेच पोळलेले बाकीचे नाववाले हळूहळू त्याच्यामागं जमले. शेवटी परिषदेनं एकट्यांसाठी एक खुर्ची दिली. दयेनं नाही, कंटाळून. मतं पडली, बद्रीनाथ निवडून आला. त्यानं पहिलाच ठराव टाकला: राखून ठेवायचा महिना सरायच्या आधीच कुणाकुणाचं नाव दुसऱ्याला दिलं, ते कंपनीनं भर सभेत वाचून दाखवावं.

सभेच्या आदल्या दिवशी साहेबाचा फोन आला. "बद्रीभाऊ, अंबडवाल्याकडून तुमचं नाव सोडवून देतो. ठराव तेवढा मागं घ्या."

"घ्या की," त्याची बायको सत्यशीला म्हणाली. "नावासाठीच जीव टाकून राह्यले होते ना?"

"तवा टाकत होतो. आता ह्याचं तोंड पाहायचंय."

"पोळा आला. गिऱ्हाईक कुठून आणता?"

"एक पोळा काढू तसाच. खुर्ची न्हाई म्हणला होता मला."

सत्यशीलानं हातातल्या माळेला गाठ मारली. "गेल्या पोळ्याला आमच्या वन्सं आल्त्या. बैलांना प्लास्टिकच्या माळा, अन् वर मलाच म्हणत्यात, दादाच्या वेबसाईटवरून मागवल्या." तिनं दोरा दातानं तोडला. "बसा मंग. नीट टेकून बसा."

बद्रीनाथनं फोनवर सांगितलं, "न्हाई जमणार, साहेब."

दुसऱ्या दिवशी ठराव मंजूर झाला. अंबडवाल्याकडून नाव परत मिळायचं दार त्याच क्षणी बंद झालं, हे बद्रीनाथला बराबर ठाऊक होतं. साहेब पडद्यावर आला, पाणी प्यायला, आणि पहिलंच नाव पुटपुटला, "जाफराबादी साज."

"पुन्हा वाचा, साहेब," बद्रीनाथ गोड आवाजात म्हणाला. "ऐकू न्हाई आलं."

साहेबानं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.

कॅमेऱ्याच्या आडून सत्यशीलानं नवऱ्याला कोपर मारलं. "मलाबी न्हाई आलं म्हणा."