चिमूटभर चुना

हे माझ्या बायकोलाही कधी कळलं नाही. तिच्यापासून मी आयुष्यात काय लपवलं म्हणाल — तर एवढंच. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगायच्या आधीच मोकळं वाटायला लागलंय.

स्वातंत्र्याच्या आधी दोन-तीन वर्षं मी बेळगावात एका प्रयोगशाळेत उंदरांची वजनं नि खाणं वहीत टिपायला होतो. प्रत्येक पिंजऱ्यात दोन वाट्या — एकीत साबुदाण्याचं पीठ, दुसरीत दुधाचा वाळवलेला चोथा. उंदरानं हवं ते खावं. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं, की अन्नातले चुन्यासारखे क्षार काढून घेतले, की उंदीर चोथ्याकडे, म्हणजे प्रथिनांकडे, पाठ फिरवतो. म्हणून डाव्या रांगेला क्षार मिळत, उजव्या रांगेला नाही.

आणि खरंच, उजवीकडचे चोथा खाईनात. वाळत चालले. मी निपाणीकडचा जैन, पाणी गाळून पिणारा — मला ते बघवेना. तसा मोठा धर्मात्मा नव्हे मी. तंबाखू काही सुटली नव्हती. म्हणूनच तर खिशात चुन्याची डबी होती ना? एका सकाळी चिमूटभर चुना उजवीकडच्या चोथ्यात कालवला. मग रोजच. आठवड्याभरात त्या वाट्याही रिकाम्या व्हायला लागल्या. मला काय आनंद झाला होता, सांगू?

साहेबांनी वही पाहिली. दोन्ही रांगा सारख्याच खातात, हे कसं? वाट्या भरायचं काम गुंजी गावच्या पुंडलिकाकडे. त्यानंच डाव्या-उजव्या वाट्यांची अदलाबदल केली, असं त्यांनी धरलं.

"न्हाय साहेब, माझ्या हातनं असं झालेलं न्हाय," तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला काय लागत होतं? पण नोकरी जाईल म्हणून भ्यालो — आणि वहीत बघत राहिलो.

त्याला त्याच दिवशी काढलं. साहेबांनी तो प्रयोगही सोडून दिला. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे एकट्या मला ठाऊक.

पुंडलिकानं वाट्या बदलल्या नव्हत्या. चुना मी घातला होता. — बघा, एवढंच तर बोलायचं होतं. किती हलकं वाटतंय.

एक मात्र राहिलं. जाताना तो फाटकाशी थांबला, रोजच्यासारखा तळहात पुढे केला. "अण्णा, चुना दे की जरा."

मी तीच डबी उघडून धरली. त्यानं तंबाखू मळली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.