न कापलेला फोटो

नगरपालिकेच्या प्रसिद्धी विभागात फोटो काढणाऱ्या बाईंनी बावीस वर्षांत इतक्या फिती कापलेल्या पाहिल्या होत्या, की त्या सगळ्या जोडल्या असत्या तर गावाला दोन वेढे पडले असते. "आणि तरी गावाच्या अंगावर धड कपडा नाही," असं त्या स्वतःच म्हणत.

कोणाला कुठून टिपायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. नगराध्यक्षांचा डावा गाल बरा, उजव्यावर चामखीळ. उपाध्यक्ष टाचा उंचावल्याशिवाय फोटोत दिसत नाहीत. सफाई मोहीम असली की आधी पोतंभर पाला आणून रस्त्यावर पसरायचा, मग एकच झाडू अकरा सदस्यांच्या हातांतून फिरवायचा. तो रस्ता रोज झाडणारी कामगार मात्र "जरा बाजूला हो" ऐकत लांब उभी. या मंडळींबद्दल बाईंच्या मनात कणभर आदर उरला नव्हता. पण नोकरी ती नोकरी. तोंड बंद, बोट चालू.

मग कारखान्यामागच्या गल्लीत नळ बसवला. बाईंची विधवा नणंद त्याच गल्लीत राहायची. उद्घाटनाच्या सकाळी ती कपडे धुण्याच्या कारखान्यात कामावर होती, पण बाई कॅमेरा घेऊन हजर होत्या. तिथं कळलं की नळ आहे, पाइप आहे, फक्त तो पाइप मुख्य जलवाहिनीला जोडायचा राहिलाय.

प्रसिद्धी अधिकाऱ्याला याचं काहीच वाटलं नाही. त्यानं भिंतीमागे शिडी लावून घेतली, शिडीवर पाण्याचं पिंप चढवलं आणि रबरी नळी पाइपात खुपसली. "साहेबांनी तोटी फिरवली की सोडायचं," त्यानं शिडीवरच्या कर्मचाऱ्याला बजावलं.

तोटी फिरली, पाणी आलं, टाळ्या पडल्या. अकराही सदस्यांना नळाजवळच उभं राहायचं होतं. ते एका फोटोत मावेनात म्हणून बाई दहा पावलं मागे गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं. त्या फोटोत सगळे आले. शिवाय डावीकडे, भिंत संपते तिथं, शिडी, पिंप आणि नळीचं तोंड दोन्ही हातांनी धरलेला तो कर्मचारीही आला.

"डावीकडचं कापून टाका," अधिकारी म्हणाला.

बाईंनी कापलं. दाराएवढा फोटो तक्रार खिडकीसमोरच्या भिंतीवर लागला. पिंप त्याच दुपारी रिकामं झालं.

दोन महिन्यांनी नणंद बाईंच्या घरी आली. चपला न काढताच दारात उभी राहिली.

"वहिनी, मी आज तक्रार द्यायला गेले होते. नळाला थेंब नाही म्हटलं. खिडकीतला कारकून म्हणतो, तुमच्याकडे पाणी येतं, तो बघा फोटो. माझ्या तोंडावर फोटो दाखवला त्यानं."

बाई उठून दाराशी आल्या.

"तू काढलास ना? मग त्यातलं एक बादली भरून दे."

"ताई, आत तरी ये."

"नको. पाणी विचारशील, आणि मला रडू येईल."

ती गेली. बाईंना रात्रंदिवस अध्यक्षांना नावं ठेवायची सवय होती. आज पहिल्यांदा स्वतःची किळस आली. पिंप अधिकाऱ्याचं, नळी अधिकाऱ्याची, पण कात्री कोणाची होती?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळ फोटो तेवढ्याच आकाराचा छापून घेतला. रविवारी कचेरी बंद असताना पहारेकऱ्याला "फोटो बदलायचाय" सांगून त्या आत गेल्या, जुना उतरवला आणि नवा टांगला.

सोमवारी अकरा सदस्य त्या भिंतीपुढून गेले. काहीजण थांबलेही. प्रत्येकानं आपला चेहरा शोधला, केस सारखे केले आणि पुढे गेला. अधिकारी रोज चार वेळा तिथून जायचा. बारा दिवस एकाचीही नजर स्वतःच्या नाकापलीकडे गेली नाही.

रांगेतल्या लोकांची मात्र गेली. आधी एक म्हातारा हसला, मग त्यानं मागच्याला कोपरानं ढोसलं. तीन दिवसांत गावभर बोभाटा झाला. नळ नसलेल्या दुसऱ्या गल्ल्यांतले लोक नुसता फोटो बघायला येऊ लागले. कारकुनाला वाटलं, आपली खिडकी लोकप्रिय झाली.

तेराव्या दिवशी सर्वसाधारण सभेत विरोधी सदस्य उठला आणि त्यानं विचारलं, "शिडीवरच्या गृहस्थांचा सत्कार कधी करणार?" तोही उद्घाटनाला पहिल्या रांगेत उभा होता, हे तो सोयीस्करपणे विसरला. सभागृह रिकामं करून सगळे फोटोपुढे जमले.

अध्यक्षांनी बाईंना बोलावलं. "हे कोणी केलं?"

"मी. फोटो तोच आहे साहेब. या वेळी कापला नाही एवढंच."

"तुम्ही आमची बदनामी केलीत."

"मी फक्त मागे सरकले. तुम्ही मावत नव्हतात."

बाईंची बदली तळघरातल्या ओळखपत्राच्या खोलीत झाली. तिथं मतदार एकेक करून स्टुलावर बसतात, आणि एका माणसाचा एकच फोटो निघतो. बाईंना ती शिक्षा वाटावी अशी सगळ्यांची इच्छा होती. त्यांना खोलीतला दमट वास सोडला तर काहीच गैर वाटलं नाही.

गल्लीचा पाइप तीन आठवड्यांत जोडला गेला. एवढं सोपं काम होतं ते. आणि मंडळींनी लाज कोळून प्यायली असल्यामुळे त्याच नळाचं पुन्हा उद्घाटन ठरलं, नवा फोटोग्राफर आणून. खात्रीसाठी गल्लीतल्याच कोणा बाईनं पहिली बादली भरावी असं ठरलं, आणि नणंद पुढे झाली.

"ताई, जरा इकडे बघून हसा," अध्यक्ष म्हणाले.

"आधी भरू द्या," ती म्हणाली, आणि पाठमोरीच राहिली. तिच्यामागे चाळीस घरांच्या बादल्या रांगेत लागल्या होत्या. त्या गर्दीत अध्यक्ष कुठल्या कुठे ढकलले गेले. नव्या फोटोग्राफरनं सतरा फोटो काढले. सगळ्यांत पाणी स्पष्ट आलं. अध्यक्षांचा एकात कान तेवढा आला, तोही उजवा.

तो फोटो कचेरीत लागला नाही. नणंदेनं त्याची प्रत मागितली, तर कारकून म्हणाला, अर्ज करा.