सगळ्या रकान्यांत शून्य

जी मुलगी लहान मुलींना मारायची, तिलाच मी त्यांची दुभाषी केलं. आज नातवंडांना अक्कल शिकवणारी मी, तेव्हा इतकी बावळट होते. गळ्यात आयडी कार्ड मात्र झोकात.

डोंगरात मोलगीच्या पुढे एका आश्रमशाळेत, म्हणजे निवासी शाळेत, आमच्या ऑफिसचा सर्व्हे होता. प्रत्येक मुलीला दोन गोष्टी विचारायच्या. गेल्या आठवड्यात तू कोणाला किती वेळा मारलंस, चिडवलंस? आणि तुला कोणी, किती वेळा? पहिली बेरीज आक्रमकतेची, दुसरी छळ सोसण्याची.

मुली भिली बोलणाऱ्या. मी शहाद्याची, मला भिलीचं एक अक्षर कळेना. हेडमास्तरांनी आठवीतली मॉनिटर सुनिता दिली. "हुशार पोर शे, मॅडम. तुमनं काम पटकन हुई जाई."

झालंही पटकन. तिसरीतली रमिला समोर बसली. सुनितानं तिच्या खांद्यावर हात ठेवून प्रश्न सांगितला. रमिला जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटली.

"एकदाही नाही म्हणते," सुनिता म्हणाली.

मी शून्य लिहिलं. दुपारपर्यंत सगळ्या रकान्यांत शून्य. खूश होऊन मी सुनिताला माझा पेन बक्षीस दिला!

ऑफिसात साहेबांनी चष्मा वर केला. "एवढ्या पोरी एका हॉलमध्ये झोपतात, आणि एकही भांडण नाही?"

"डोंगरातली मुलं शांतच असतात, सर." काय तो माझा अभ्यास!

"मग रात्री हॉलवर लक्ष ठेवायला मावशी नेमायची शिफारस अहवालातून काढून टाका."

मी काढली.

महिन्याभरात रमिला शाळा सोडून घरी गेली. त्याचं कारण शाळेतल्या स्वयंपाकाच्या बाईंनी सांगितलं. सुनिता तिच्याकडून कपडे धुऊन घ्यायची. नाही म्हटलं की पाठीत बुक्के.

मी पुन्हा गेले. या वेळी दुभाषी म्हणून सोबत बाहेरच्या पाड्यावरची अंगणवाडीताई, आणि एकेक मुलगी वेगळी, कुंपणाबाहेर झाडाखाली. शून्यं पुसली गेली. साहेबांसमोर चूक कबूल केली, शिफारस परत घातली, मावशी आली. प्रश्न कितीही चांगला असो, तो कोणाच्या तोंडून विचारला जातोय हे आधी बघावं.

मग रमिलाला आणायला तिच्या घरी गेले. ती आईशेजारी बसून आमचुरासाठी कैऱ्या कापत होती. "आता तिथं मावशी आहे. चल ना," मी म्हटलं. ती आली नाही. पुढेही कधी आली नाही. सुरी न थांबवता शाळेतल्या मराठीत ती एवढंच म्हणाली:

"मॅडम, तुम्ही विचारलं आणि जीपमध्ये बसून गेल्या. मला रात्री सुनिताजवळच झोपावं लागणार होतं."