काकांचा उशिरा पडणारा ठेका

काका गेले त्या दिवशी मी इथे खोटं लिहिलं.

मुद्दाम नाही, पण खोटंच. ‘ठेका जाणूनबुजून किंचित उशिरा सोडणं ही आमच्या काकांची स्टाईल होती.’ तुम्ही सगळ्यांनी हार्ट टाकले. ते परत घ्या.

काल काकीला ती पोस्ट वाचून दाखवली. भाजी निवडता निवडता तिने मान वर केली.

“कसली स्टाईल गो? उजवो पाय आखूड. तो जमनीक टेकल्याशिवाय ढोलार काठी पडाचीच नाय.”

बस्स. एवढंच होतं.

काका घाटकोपरच्या एका बेंजो पार्टीत ढोल वाजवायचे. गळ्यात अडकवून, मिरवणुकीत चालत. चाल लंगडी, म्हणून ठेका लंगडा.

मला ते घरी शिकवायचे, खुर्चीत बसून, पिठाच्या रिकाम्या डब्यावर. बसले की ठेका अगदी सरळ. लहानपणापासून ऐकत होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे मुलुंडला ड्रम्सच्या क्लासला जायला लागल्यावर मी त्यांचा तो उशीर पाठ केला. महिने घालवले. मग त्यांना वाजवून दाखवलं.

“माझो पाय तसो आसा,” काका म्हणाले. “तुका काय झाला गो?”

मला वाटलं, जोक करतायत.

आता बेंजो पार्टीबद्दल.

याच लोकांनी गेल्या गणपतीत काकांना स्पीकरच्या ट्रॉलीच्या मागे उभं केलं. व्हिडिओत दिसायला नकोत म्हणून. पार्टीचा लीडर बाबल्या सगळ्यांसमोर म्हणाला, “काका, तुमच्यामुळे वाट लागते यार. तुम्ही झांज घ्या ना.”

काकांनी झांज घेतली.

त्याच बाबल्याने आता बॅनर छापलाय. ‘तालसम्राट’.

फोटोत तालसम्राटांच्या हातात झांज आहे. ढोलासोबतचा फोटो यांच्यापैकी एकानेही कधी काढला नव्हता.

आणि मग मला फोन. “शनिवारी शोकसभेत तू वाजव गं. काका स्टाईल. सेम टू सेम. झकास रील होईल.”

मी हो म्हणाले. मी नेहमी हो म्हणते. बाबल्याला नावं ठेवताना हेही लिहायला हवं.

मी भित्री आहे, आणि त्या भीतीनेच माझा ठेका आधी पडतो. क्लासच्या सरांनी त्यावरून मला वर्षभर झापलं. काकांनी एकदा नीट ऐकून घेतलं आणि डबा बाजूला ठेवला.

“तां तुझां आसा. ऱ्हवांदे.”

हे मी मागच्या पोस्टमध्ये गाळलं होतं. लाज वाटली होती.

बाबल्या, तू हे वाचशीलच. मी येतेय. ढोल गळ्यात अडकवून, हॉलच्या दारापासून काकांच्या फोटोपर्यंत चालत वाजवणार. माझे दोन्ही पाय धड आहेत. ठेका आधी पडेल. रील काढायचं तर काढ.

काका, नमस्कार करते.

शोकसभा येत्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता.